कंट्रोलरांचा चार्जिंगचा स्टाफ

आमचे घरमालक सेलला सेल म्हणत नसत, स्टाफ म्हणत. टीव्हीच्या रिमोटमधले सेल ड्युटीवर असत, चार्जरमध्ये लावलेले रेस्टवर, आणि पत्र्याच्या डब्यात ठेवलेले स्पेअर. प्रत्येक सेलवर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा आणि त्यावर बॉलपेनने लिहिलेला आकडा होता. त्याला ते बिल्ला नंबर म्हणत.

गेवराईत तालुक्याचा वार्ताहर म्हणून काम करत असताना मी त्यांच्या माडीवर भाड्याने राहत होतो. खोली बघायला गेलो त्या दिवशी त्यांनी पाण्याची वेळ सांगितली नाही, की डिपॉझिटचं विचारलं नाही. माझ्या लॅपटॉपच्या माउसकडे बोट दाखवून म्हणाले, "यात कोन हाय?"

मला प्रश्न कळला नाही.

"सेल कोनता हाय? साधा का चार्जिंगचा?"

"साधा. दुकानातला."

"म्हंजी रोजंदारीवरचा," ते म्हणाले. खोली मिळाली, पण दोन दिवसांनी बाहेरून आलो तेव्हा माउसमधला साधा सेल टेबलावर काढून ठेवलेला होता आणि आत त्यांचा बिल्ला नंबर अकरा रुजू झालेला होता.

उमेदीची सारी वर्षं त्यांनी एसटीत घालवली होती. शेवटी बसस्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. गावात त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे. कंट्रोलर म्हटलं की पुरे होई. निवृत्त झाले तरी सकाळी ओट्यावर चहा पिताना रस्त्यावरच्या गाडीचा आवाज ऐकून ते न बघता सांगत, "उमापूर गाडी. लेट हाय." आणि मग काकूंना, म्हणजे आपल्या बायकोला, गाडी का लेट झाली असेल याची कारणं सांगत. काकू भाकऱ्या थापत असत.

चार्जिंगच्या सेलकडे ते कसे वळले, याची हकिकत त्यांनी मला पुष्कळदा सांगितली. उमापूरकडे त्यांचं थोडं रान आहे. घरचा कचरा उकिरड्यात, उकिरड्याचं खत रानात, असा जुना रिवाज. एका वर्षी कपाशीसाठी खत विस्कटताना खोऱ्याला काहीतरी खटकन लागलं. उचलून बघितलं तर बॅटरीतला जुना सेल, फुगलेला, गंजलेला, बुडाशी पांढरा पाझर आलेला. पुढे अजून एक. मग त्यांनी खोरं टाकलं आणि बांधावर बसले.

"ह्यो आपलाच सेल व्हता," ते सांगत. "आमच्याच घरातला. आमीच फेकला, आमीच गाडीत भरला, आमीच रानात आनला. म्या म्हनलं, आता बास."

त्याच सुमारास त्यांच्या धाकट्या मुलीला छत्रपती संभाजीनगरला नोकरी लागली होती. पहिल्या पगारात तिने आईला साडी आणि वडिलांना चार्जर आणला, सोबत चार्जिंगचे सेल. त्यातला पहिला सेल म्हणजे बिल्ला नंबर एक. बाकीचे पुढे हळूहळू भरती झाले.

घरातले संपलेले साधे सेल मात्र त्यांनी फेकले नाहीत. लोणच्याच्या एका रिकाम्या बरणीत ते साठवले. घंटागाडी आली तेव्हा बरणी घेऊन बाहेर गेले. गाडीवाल्याने विचारलं, "ओला का सुका?" कंट्रोलर म्हणाले, "विशारी." दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि बरणी परत घरात आली. शेवटी मुलीकडे जाताना ते ती एसटीने घेऊन गेले. असला कचरा घेणारं एक दुकान तिने शोधून ठेवलं होतं. शेजारच्या सीटवरच्या बाईने मांडीवरची बरणी बघून विचारलं, "लोनचं कशाचं हाय, अप्पा?"

"सेलचं."

"मुरलं का?"

"लई," कंट्रोलर म्हणाले.

काकूंचा या सगळ्याला विरोध होता, आणि तो निव्वळ अनुभवातून आलेला होता. संध्याकाळी त्यांची मालिका लागे. मालिकेत सून दार उघडून आत येणार, एवढ्यात शेजारच्या घरातल्या मिक्सरचा आवाज वाढे, काकू रिमोट दाबत आणि टीव्ही ढिम्म हलत नसे.

"अवो, मेला बगा तुमचा स्टाफ."

"मेला न्हाई. ड्युटी संपली. रिलीव्हर देतो."

"मंग द्या लवकर. सून दारात उभी हाय."

कंट्रोलर उठून डबा उघडत. स्पेअर सेल निघे, पण तो भरलेला आहे की नाही याची खात्री नसे, कारण दुपारभर लाईट गेलेली असे. लाईट गेली की त्या घरात अंधाराची चिंता कमी आणि स्टाफच्या विश्रांतीची जास्त. "रेस्ट पुरा झाला न्हाई," ते खालच्या आवाजात म्हणत, जणू एखाद्या ड्रायव्हरला सलग दुसऱ्या फेरीवर पाठवताहेत.

"जावयासारकं हाय तुमच्या सेलचं," काकू म्हणत. "दर चार दिसाला पाटावर बसवून जेवायला घाला, तवा उठून काम करनार. दुकानातला बिचारा एकदाच जेवून येतो आन मरस्तोवर राबतो."

यावर कंट्रोलरांचं उत्तर ठरलेलं होतं. "आन मेल्यावर माझ्या कपाशीत येतो."

दोघांचंही खरं होतं, हे माडीवर राहणाऱ्या माणसाला स्पष्ट दिसत होतं. माझ्या माउसमधला नंबर अकरा उत्तम काम करत होता. दिवसभर बातम्या टाईप करायच्या म्हणजे माउस सेल भराभर खातो. साधे सेल मला सारखे विकत आणावे लागले असते. कंट्रोलरांच्या मोठ्या बॅटरीतही चार्जिंगचे सेल शोभत. वीज वापरायची आणि परत भरायची, अशा ठिकाणी त्यांचा स्टाफ बिनतोड होता. अडचण होती ती चिमूटभर वीज खाऊन वर्षभर चालणाऱ्या वस्तूंची. म्हणजे रिमोट आणि घड्याळ. चार्जिंगचा जुना सेल काही काम न करता, नुसता बसल्या बसल्याही उतरतो. काकूंनी हे कुठे वाचलेलं नव्हतं. रिमोट हातात धरणारं माणूस त्या घरात एकच होतं.

पण घड्याळाचा विषय निघाला की कंट्रोलर ऐकत नसत. दिवाणखान्यात एक मोठं गोल घड्याळ होतं, पांढऱ्या तबकडीचं, लांबून दिसेल असं. निवृत्तीच्या निरोप समारंभात सहकाऱ्यांनी दिलेलं. त्यात रोजंदारीवरचा सेल घालणं त्यांना अपमान वाटे.

आता त्यांच्या लग्नांविषयी सांगायला हवं. म्हणजे दुसऱ्यांच्या लग्नांविषयी.

आमच्याकडे पत्रिकेवर मुहूर्त मिनिटासकट छापतात आणि अक्षता पुढाऱ्यांची भाषणं आटोपल्यावर पडतात. नवरदेव मारुतीच्या देवळात अडकलेला असतो, त्याच्यापुढे मित्र नाचत असतात, मंडपात शुभाशीर्वाद चाललेले असतात, आणि बायका लेकरांना वारा घालत बसलेल्या असतात. याचं कुणाला काही वाटत नाही. कंट्रोलरांना वाटे. लग्न कोणत्याही जातीधर्मातलं, कोणत्याही वस्तीतलं असो, ते मनगटावर घड्याळ लावून जात, अक्षता पडल्या की वधूपित्याला गाठत आणि नमस्कार करून म्हणत, "अर्धा तास लेट. बाकी समदं झ्याक."

एकाने त्यांना सरळ सुनावलं, "कंट्रोलर, तुमच्या पोरीचं लगीन निगूद्या. मंग बगू."

"बगा," कंट्रोलर म्हणाले. "मिनिटाला मिनिट लावून दाखवतो. न्हाई लावलं तर पुन्यांदा कुनाच्या लग्नात वेळेचा शबूद काढनार न्हाई."

हे बोलणं स्टँडसमोरच्या हॉटेलात, भरल्या टेबलांमध्ये झालं. म्हणजे ते संध्याकाळपर्यंत अर्ध्या गेवराईला माहीत झालं.

आणि पुढच्याच उन्हाळ्यात धाकटीचं लग्न ठरलं. मुलगा लिंबागणेशचा, शाळेत शिक्षक. मुहूर्त दुपारी बारा वाजून पस्तीस मिनिटांचा. कार्यालय हायवेवरचं. कंट्रोलरांनी व्याह्यांना पहिल्याच बैठकीत सांगितलं की मानपान काय ते तुम्ही म्हणाल तसं, पण अक्षता पत्रिकेप्रमाणे. व्याही मोकळ्या स्वभावाचे होते. म्हणाले, "अवो, त्यात काय!" ज्या माणसाने आयुष्यात एकही लग्न वेळेवर बघितलेलं नाही, तोच इतक्या सहज हो म्हणू शकतो.

दिवाणखान्यातलं मोठं घड्याळ स्टेजच्या बाजूला टांगायचं ठरलं. सगळ्या मंडपाला दिसेल असं. काकूंनी त्या आठवड्यात एकदाच विषय काढला. मी जिन्यावर होतो.

"एक मागनं हाय. त्या घड्याळात दुकानातला नवा सेल घाला. त्या दिवसापुरता."

"कावून?"

"लेकीचं लगीन हाय म्हनून."

"लेकीचं लगीन हाय म्हनूनच न्हाई. घरचा स्टाफ सोडून त्या दिवशी बाहेरचा मानूस लावू का? त्या घड्याळात एक नंबर बसनार."

"एक नंबर म्हंजी तो म्हातारा?"

"म्हातारा न्हाई, सीनियर."

एसटीत मानाची ड्युटी सगळ्यांत जुन्या माणसाला मिळते. मंत्री येणार असला, नवी गाडी पहिल्यांदा रस्त्यावर निघणार असली, की स्टिअरिंगवर सीनियर. कंट्रोलरांनी हाच नियम सेलला लावला. शिवाय एक नंबर मुलीच्या पहिल्या पगारातला होता. तिच्या लग्नाची वेळ त्यानेच मोजावी, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. हे ते बोलले नाहीत. पण चिकटपट्टी जुनी झाली म्हणून त्यांनी त्या सेलवर नवी लावली आणि आकडा पुन्हा सुबक अक्षरात काढला.

सेल चार्जरमध्ये घातला. थोड्याच वेळात हिरवा दिवा लागला. कंट्रोलर हरखून गेले. "बगा पत्रकार, नव्या पोरांना रात लागती. ह्यो घटकेत तयार."

जुना सेल घटकेत भरतो, कारण त्यात फारसं काही मावतच नाही. ही गोष्ट मला तेव्हा ठाऊक नव्हती. काकूंना ठाऊक होती की नाही, सांगता येत नाही. त्यांनी दिव्याकडे एकदा बघितलं आणि त्या पापड मोजायला आत गेल्या. हळदीच्या आधीच एक नंबर घड्याळात रुजू झाला. "जागेची सवय व्हऊ द्या," असं कंट्रोलरांचं म्हणणं.

लग्नाच्या दिवशी सकाळी त्यांनी मोबाईलशी वेळ जुळवून घड्याळ कार्यालयात टांगलं. पांढरा सदरा, डोक्यावर फेटा, हातात माइक; मनगट मात्र रिकामं, कारण त्या दिवशीची ड्युटी एक नंबरची. पाहुणे येत गेले, पंखे फिरत राहिले. कंट्रोलर घड्याळाखाली उभे राहून अधूनमधून घोषणा करत होते. घरात ते आपली बोली बोलत. माइक हातात आला की आवाज स्टँडवरचा होई.

"वऱ्हाडी मंडळींनी कृपया इकडे लक्ष द्यावे. मुहूर्तास आता एक तास बाकी आहे."

नवरदेव मारुतीच्या देवळाकडे गेला. बँड वाजत होता. वाजतच राहिला. कंट्रोलरांनी घोषणा केली, "वरपक्षाने नोंद घ्यावी, मुहूर्तास पंधरा मिनिटे बाकी आहेत."

मंडपात हालचाल झाली. मी मोबाईल बघितला. माझ्या पुढच्या रांगेतल्या माणसानेही बघितला, आणि मग त्याच्या शेजाऱ्याने. बारा पस्तीस होऊन गेले होते.

भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा नीट बघितला तेव्हा प्रकार लक्षात आला. बारापासून खाली तो ठीक उतरत होता. वर चढायची वेळ आली की नऊच्या आसपास जागच्या जागी थरथरत राही, धाप लागल्यासारखा, आणि मग कसाबसा पुढे सरके. एक नंबर चढाला दमला होता.

कंट्रोलरांना हे दिसत नव्हतं. ते घड्याळाच्या बरोबर खाली, मंडपाकडे तोंड करून उभे होते. मान वर करून तासकाटा-मिनिटकाटा बघायचे आणि पुन्हा दाराकडे.

हॉटेलात पैजेला साक्षी असलेले सगळे तिसऱ्या रांगेत बसले होते. "तुमच्या पोरीचं लगीन निगूद्या" म्हणणाराही होता. त्याने एका हाताने मोबाईल वर धरला, दुसऱ्याने शेजाऱ्याला कोपर मारलं आणि उठायला लागला. "अवो कंट्रोलर, घड्याळ..."

एवढंच त्याच्या तोंडून निघालं. काकू अक्षतांचं ताट घेऊन रांगांमधून फिरत होत्या. त्या त्याच्यापुढे उभ्या राहिल्या.

"भाऊजी, अक्षदा घ्या," त्या म्हणाल्या. "दोन्ही हातांनी घ्या."

दोन्ही हातांनी अक्षता घ्यायच्या म्हणजे मोबाईल खिशात घालावा लागतो. त्याने घातला. काकूंनी त्याची ओंजळ भरली, जरा जास्तच भरली, आणि पुढच्या माणसाकडे वळल्या. "तुमी बी. दोन्ही हातांनी." रांगेमागून रांग मोबाईल खिशात जात होते. सगळा मंडप ओंजळी धरून बसला होता.

शेवटी वरात दारात आली. व्याही घामाघूम, पुढे धावत आले आणि हात जोडले. "व्याही, माफी करा. पोरं नाचायची थांबंनात. लई उशीर..."

"कशाचा उशीर?" कंट्रोलर म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. "अजून टाइम हाय. तुमी वेळेच्या आत आलात."

व्याह्यांनी भिंतीवर बघितलं. मग आपल्या मनगटावर. मग काकूंकडे. काकूंनी त्यांच्यापुढे ताट धरलं. व्याह्यांनी सावकाश मनगटावरचं घड्याळ सोडवलं, सदऱ्याच्या खिशात टाकलं आणि ओंजळ पुढे केली.

एक पुढारी स्टेजकडे निघाले होते. कंट्रोलरांनी त्यांना नमस्कार करून खुर्चीत बसवलं. "साहेब, आशीर्वाद जेवताना. आत्ता गाडी सुटायची वेळ झाली." गुरुजींनी अंतरपाट धरायला लावला. मंगलाष्टकं म्हणताना त्यांची नजर सारखी घड्याळावर होती. एक कडवं त्यांनी फारच लांबवलं, कारण सेकंदकाटा नऊपाशी अडकला होता. अंतरपाटाआड नवरीचे खांदे हलत होते. रडत असेल असं पाहुण्यांना वाटलं. मी बाजूला उभा होतो. ती हसत होती.

घड्याळात बारा पस्तीस झाले आणि शेवटचं सावधान झालं. भरल्या ओंजळी एकदम रिकाम्या झाल्या. एवढ्या अक्षता मी कुठल्या लग्नात बघितल्या नाहीत. कंट्रोलरांनी माइक तोंडाजवळ धरला. "विवाह पत्रिकेप्रमाणे, नियोजित वेळी संपन्न झालेला आहे." यावर टाळ्या पडल्या. पहिली टाळी तिसऱ्या रांगेतून आली.

संध्याकाळी त्यांनी मला बाजूला घेतलं. "पत्रकार, बातमी टाका. छोटी टाका. पन वेळेचं टाका."

बातमी छोटी आली. शेवटचं वाक्य असं होतं: विवाह मुहूर्तावर लागल्याचे वधूपित्याने सांगितले.

आपलं घड्याळ मागे होतं हे कंट्रोलरांना कधी कळलं, याची खात्रीलायक माहिती नाही. मुलीने जाताना कानात सांगितलं असं काकूंचं म्हणणं. कुणीतरी पाठवलेल्या व्हिडिओवरून कळलं असं व्याह्यांचं. अंक आला त्या सकाळी ते ओट्यावर बातमी वाचत होते. दोनदा वाचली. मग चष्मा काढला.

"बरोबर लिवलंय," ते म्हणाले. "सांगितलं मीच. लागलं कवा, ते तुमी लिवलं न्हाई."

आतून काकूंच्या हसण्याचा आवाज आला. कंट्रोलर चहा संपवून उठले, चप्पल घातली आणि कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. परत आले तेव्हा हातात साध्या सेलचं पाकीट होतं. त्यांनी स्टूल ठेवलं, घड्याळ उतरवलं, एक नंबर बाहेर काढला आणि त्या जागी नवा सेल घातला. दुसरे दोन काकूंच्या पुढ्यात ठेवले.

"रिमोटला," ते म्हणाले. "घड्याळ आन रिमोट तुझ्याकडं. बॅटरी आन पत्रकाराचा माउस माझ्याकडं. संपलेले सेल फेकायचे न्हाईत."

"आन ह्यो?" काकूंनी एक नंबरकडे बोट केलं.

"त्यानं लेकीचं लगीन लावलं. रिटायर."

पैज ते हरले की जिंकले, हे गेवराईत कुणी उघड विचारलं नाही. हॉटेलात विषय निघाला तर तिसऱ्या रांगेतला तो गडीच चहाची ऑर्डर देऊन बोलणं दुसरीकडे नेई.

मी गाव सोडण्याआधी त्यांच्यासोबत एका लग्नाला गेलो होतो. त्यांच्या जुन्या ड्रायव्हरच्या मुलाचं. मुहूर्त टळून बराच वेळ झाला होता. नवरदेवाचा पत्ता नव्हता. मंडपातले लोक कंट्रोलरांकडे बघत होते. शेवटी मागून एकाने आवाज दिला, "कंट्रोलर, किती लेट?"

कंट्रोलरांनी मनगटाकडे बघितलं नाही.

"येतील बे," ते म्हणाले. "लगीन हाय, एसटी न्हाई."

आणि समोरची रिकामी खुर्ची जवळ ओढून त्यांनी तिच्यावर आरामात पाय पसरले.